साडेपाच तासांचं गृहविज्ञान

माझी मुलगी प्रज्ञा आयुष्यात साडेपाच तास गृहविज्ञानाची विद्यार्थिनी होती. त्यातले पहिले चार तास तिला स्वतःला याची कल्पना नव्हती.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझ्याबद्दल सांगावं लागेल. मी थूलबाबू. राहतो पवनारला, नोकरी वर्ध्याला, एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. बावीस वर्षं माझं एकच काम: लोकांचे अर्ज तपासणं आणि चूक सापडली की परत करणं. आडनाव आधी लिहिलं? परत. सही रकान्याच्या बाहेर गेली? परत. बायको म्हणते, धाम नदीच्या पुरानंही एवढी माणसं माघारी पाठवली नसतील!

प्रज्ञा आमची एकुलती एक. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष नुकतंच पास झालेली, आणि जीवशास्त्राचं वेड असं की विचारू नका. तिच्या खोलीत पुस्तकांपेक्षा बरण्या जास्त. एकीत गोगलगायी, एकीत मुंगळे, एकीत कसलीतरी अंडी ("हात नोका लावू बाबा, आज फुटणार आहेत!"). एकदा पाहुण्यांसमोर माझ्या बायकोनं चहापत्तीचा डबा उघडला, तर आतून शेणातला एक भुंगा बाहेर आला आणि ओट्यावरून शांतपणे चालत गेला. पाहुणे त्यानंतर आमच्याकडे फक्त पाणी पितात. तेही घरून आणलेलं!

तर विषय असा की पहिल्या वर्षाला प्रज्ञाला झूलॉजी, बॉटनी आणि केमिस्ट्री असे तीन विषय होते, तिन्हींचं वजन सारखं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यातला एक 'मेजर' म्हणून जाहीर करायचा आणि एक 'मायनर'. विद्यापीठाच्या पोर्टलवर हे एकदा भरून लॉक झालं की संपलं. पुढे पदवीवर तोच विषय छापून येणार.

प्रज्ञाला ठरवायला अर्धा सेकंद लागला.

"बाबा, मेजर झूलॉजी, मायनर बॉटनी. भरून टाकू?"

"थांब," मी म्हणालो. "असे निर्णय घाईत नसतात घेत. आधी नियोजन!"

मी नियोजनाला आठ दिवस घेतले. फुलस्केप कागद आणला, लाल पेनानं उभ्या रेघा मारल्या, तीन विषयांचे तीन रकाने केले आणि सगळ्यांची मतं लेखी मागवली. माझी बायको वंदना अंगणवाडी सेविका आहे. तिला आधीच सरकारी तक्त्यांचा वीट आलेला. तिनं तोंडीच सांगितलं, "केमिस्ट्री घेऊ द्या. निदान बरणीतलं सामान चालत तं नाई जाणार!"

आष्टीहून माझा साळा दिलीप फोनवर म्हणाला, "भाऊजी, बॉटनी घ्या. झाड पळत नाई, चावत नाई, अन् मेलं तरी वास मारत नाई."

मी हे सगळं रकान्यांत उतरवलं. साधक, बाधक, शेरा. आणि आठव्या संध्याकाळी घसा खाकरून जाहीर केलं, "मेजर झूलॉजी. मायनर बॉटनी."

"एवढंच तं मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं, बाबा!"

"तवा ते मत होतं," मी म्हणालो. "आता तो निर्णय आहे."

यावर तिनं जो चेहरा केला तो मी शेरा म्हणून लिहून घेतला नाही.

माझ्या नियोजनात एकच बारीकशी त्रुटी राहिली होती. दुसरा दिवस फॉर्म भरायचा शेवटचा होता! आणि नेमकी त्याच दिवशी झूलॉजी विभागाची सहल बोरच्या जंगलात जाणार होती. बस पहाटे सहाला. रात्रभर पोर्टल बंद, सकाळी दहाला सुरू, आणि जंगलात मोबाईलला रेंज नाही.

"बाबा, मी सहल सोडते," प्रज्ञा रडकुंडीला आली.

"काऊन सोडते? मी आहे ना! माह्यं आयुष्य फॉर्मात गेलं. तू जाय, किडे पाह्य."

तिनं जाताना माझ्या हातात चिठ्ठी दिली. मोठ्या अक्षरांत दोन ओळी, दोन्हींखाली रेघ. मला जरा अपमानच वाटला.

दिवसभराची रजा टाकून मी वर्ध्याला रेखाताईंच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. रेखाताई म्हणाल्या, "काका, मी भरून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

"ताई," मी हसलो, "बावीस वर्षं फॉर्मच पाहून राह्यलो मी."

खुर्ची ओढली, चष्मा पुसला. मेजरच्या यादीत अख्ख्या विद्यापीठाचे विषय होते, अगदी तळाशी झूलॉजी. निवडला. मायनर बॉटनी. निवडला. मग खाली जायचं बटण सापडेना, म्हणून माऊसचं ते मधलं चाक फिरवलं. वर, खाली, परत वर. सापडलं एकदाचं. पडद्यावर प्रश्न आला, माहिती तपासली आहे का? मला! थूलबाबूला विचारतात! मी तोऱ्यात 'होय' दाबलं.

आता ओटीपी. तो काही केल्या येईना.

"मोबाईल कोणाचा दिला आहे काका?" रेखाताईंनी विचारलं.

तेव्हा आठवलं. वर्षभरापूर्वी प्रवेशाचा फॉर्म दिलीपनं भरला होता. स्वतःच्या मोबाईलवरून!

फोन लावला. दिलीप आष्टीच्या बाजारात उभा, मागे उंदराच्या औषधाचा भोंगा.

"दिलीप, नंबर आला का?"

"आला भाऊजी! लिहा. सदुसष्ट..."

"सदुसष्ट म्हणजे सहा-सात का सात-सहा?"

"तुमी बाबू आहे का कोण आहे? सहा-सात! मंग एकोणनव्वद..."

"म्हणजे नऊ-नऊ?"

"अऽऽऽ ते नव्व्याण्णव झालं ना! आठ-नऊ!" मागून भोंगा: "एक गोळी, उंदीर साफ!"

तेवढ्यात वेळ संपली. दुसरा ओटीपी. यावेळी दिलीप नीट सांगत होता, तर मध्येच कोणीतरी त्याला विचारलं, "वांगे किती किलो?" आणि तो म्हणाला, "दोन." ते दोन मी टाकले. तिसऱ्या वेळी फोन कटला. चौथा लागला! सेंटरमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर बारा.

रेखाताईंनी प्रिंट काढली आणि कौतुकानं म्हणाल्या, "होम सायन्स! मुलगी सुगरण दिसते काका."

मी प्रिंट हातात घेतली. चष्मा काढला, पुसला, घातला. परत पुसला. मेजर: होम सायन्स.

"तुमी चाक फिरवलं ना," रेखाताई हळूच म्हणाल्या. "बाण यादीवरच होता. पान नाही फिरलं, यादी फिरली."

माझ्या पायाखालची फरशीही फिरली! मी वंदनाला फोन लावला.

"झालं का भरून?" ती म्हणाली.

"झालं. जरा... विषय बदलला."

"कोणता आला?"

"गृहविज्ञान."

मग वंदनाचा आवाज एकदम खुलला. "मंग राहू द्या ना! काऊन बदलून राह्यले?" आणि ती इतकी हसली की अंगणवाडीतली पोरंही हसायला लागल्याचं मला ऐकू आलं. मग मात्र ती थांबली. "अहो, गंमत केली. पोरगी झोपेत फुलपाखराचे नावं घेते. आजच्या आज दुरुस्त करा, नाईतं घरी येऊ नका."

मी स्कूटी काढली आणि कॉलेज गाठलं. खिडकीत राऊतबाबू होते. माझ्याच जातकुळीचे, म्हणजे अर्ज परत करणारे. त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "विद्यार्थिनीचा अर्ज, तिची सही, नव्या विषयाच्या विभागप्रमुखांची सही आणि सोडायच्या विषयाच्या विभागप्रमुखांचं ना-हरकत. सहा वाजता लॉक."

"पोरगी जंगलात आहे."

"मग नव्या विभागप्रमुखांची आणा आधी."

नव्या विषयाचे विभागप्रमुख म्हणजे झूलॉजीचे उईके सर. सर कुठे? सहलीला! बोरच्या जंगलात, माझ्या पोरीसोबत, रेंजच्या बाहेर.

राहिलं ना-हरकत. मी गृहविज्ञान विभागाचं दार ढकललं आणि अर्ध्या मिनिटात माझ्या हातात गुलाबाचं फूल होतं.

"प्रज्ञा थूलचे वडील? या, या, या!" विभागप्रमुख कडू मॅडम उठून उभ्याच राहिल्या. (आडनावाशी बाईंचा काडीचा संबंध नाही.) "आत्ताच नाव पाहिलं मी पोर्टलवर! थूलसाहेब, तुम्हाला काय सांगू, आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या मुली दुसरीकडे जागा नाही म्हणून येतात. पहिल्या पसंतीनं आलेली ही पहिली. पहिली!"

दोन प्राध्यापिका ज्वारीच्या पिठाचा केक घेऊन आल्या. मी म्हणणार होतो, 'मॅडम, चूक झाली.' पण तोंडात केक होता. केक गिळला, तोंड उघडलं, तर दुसरा तुकडा. तिसऱ्या तुकड्याला मॅडम म्हणाल्या, "वडिलांनी मुलीला एवढं प्रोत्साहन द्यावं, हे फार दुर्मीळ हो." मी नमस्कार केला आणि फूल घेऊन बाहेर आलो.

व्हरांड्यात उभा राहिलो. बावीस वर्षांत कोणाचा अर्ज परत करताना मी कधी थांबलो नव्हतो. आता एका बाईंचा आनंद परत करायचा होता. परत आत गेलो.

"मॅडम," मी म्हणालो, "चाक फिरलं."

सगळं सांगितलं. बरण्या, भुंगा, रकाने, दिलीप, वांगी. ऐकताना त्यांचा चेहरा आधी पडला, मग वांग्यांपाशी आल्यावर त्यांना हसू आवरेना. त्यांनी कागद ओढला आणि ना-हरकत लिहून दिलं. "पहिल्या पसंतीची यायला हवी होती मला, चुकून आलेली नाही," त्या म्हणाल्या. "पळा आता! केक बांधून देऊ का?"

मी पळालो. पवनार मागे टाकलं, सेलू मागे टाकलं, हिंगणीच्या चौकात येऊन उभा राहिलो. जंगलातून येणारी बस इथूनच जाणार होती. तासभर मी प्रत्येक बसला हात केला. दोन एसटी थांबल्या, एक लग्नाची गाडी थांबली. (माझ्या हातात फूल पाहून त्यांनी मला आतच घेतलं असतं!) शेवटी चारला कॉलेजची बस दिसली आणि मी दोन्ही हात वर करून सरळ रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो.

ब्रेक कचकन लागले. दारातून प्रज्ञा धावत आली. केसांत काटक्या, चेहरा पांढरा.

"बाबा! काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. तू गृहविज्ञानात आहे."

आधी तिला कळलंच नाही. मग मी प्रिंट पुढे केली. पंचेचाळीस पोरंपोरी खिडक्यांतून डोकावत होती. कोणीतरी फिसकन हसलं आणि मग अख्खी बस! प्रज्ञाच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

"आठ दिवस, बाबा," ती एवढंच म्हणाली.

मला रागावली असती तर परवडलं असतं.

उईके सर खाली उतरले. सगळं ऐकून घेतलं, मिशीत हसले. "थूलबाबू, दिवसभर फिरलो, वाघ काही दिसला नाही. तुमी दिसले, चला, सहल वसूल." अर्ज प्रज्ञानं लिहिला. मी पेन काढून दिला, तर तिनं तो घेतला आणि मला चार पावलं मागे उभं केलं. सरांनी स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून सही केली. "ही पोरगी," ते म्हणाले, "सकाळी शेणाच्या एका गोळ्यापाशी दोन तास बसून होती. ही दुसरीकडे गेली असती तर मीच उपोषणाला बसलो असतो!"

स्कूटीवर मागे बसल्यावर पहिली पाच मिनिटं प्रज्ञा केसांतल्या काटक्या काढत होती. मग कानाशी आवाज आला, "बाबा, तो भुंगा गोळा मागच्या पायानं ढकलते. उलटा चालते! अन् गोळ्यावर चढून आभाळाकडे पाहते, दिशा ठरवाले. तुमाले माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. सेलू येईपर्यंत तिनं भुंगा सांगितला, पवनार येईपर्यंत कोळी, आणि वर्ध्याच्या वेशीवर ती माझ्या खांद्यावर थापा मारून मारून वाळवीच्या राणीबद्दल ओरडत होती. आठ दिवस मी तिचं मत रकान्यात लिहून घेतलं होतं. ऐकलं आज पहिल्यांदा.

राऊतबाबूंनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि खिडकीतून परत सरकवला. "तारीख?" काचेच्या या बाजूला उभं राहणं कसं असतं, ते मला कळलं. प्रज्ञानं तारीख टाकली. त्यांनी कळ दाबली. साडेपाच वाजता पडद्यावर आलं: मेजर, झूलॉजी. प्रज्ञानं रांगेतल्या सगळ्यांसमोर उडी मारली, मला मिठी मारली, आणि तिच्या खिशातून एक गोगलगाय राऊतबाबूंच्या रजिस्टरवर पडली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुढच्या आठवड्यात कडू मॅडमचा फोन आला. त्यांच्याकडे दर शनिवारी बेकरीचा प्रमाणपत्र वर्ग असतो, वयाची अट नाही. "थूलसाहेब, पहिल्या पसंतीनं येणार ना?" नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. आता मी दर शनिवारी पांढरी टोपी घालून सतरा मुलींच्या रांगेत शेवटी उभा असतो, आणि माझी नानकटाई अजून एकदाही फुगलेली नाही.

त्या वर्गाच्या प्रवेशअर्जात तळाशी एक रकाना होता: 'घरातील जबाबदार व्यक्तीची सही'. मी सवयीनं पेन उघडला. वंदनानं कागद माझ्या पुढून उचलला, चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली, आणि सरळ प्रज्ञासमोर ठेवला.