सात मीटर पाणी, पोटात बँड

मत्स्यालयात सगळे तिला पाणबुडीच म्हणत. सिलिंडर पाठीला लावून मोठ्या हौदात उतरायचं, काचा आतून घासायच्या, माशांना हाताने भरवायचं आणि तळाची घाण उपसायची, हे काम ती सतरा वर्षं करत होती. पण वजनाचा काटा एकशे अठरावर गेला, चार पायऱ्या चढून धाप लागायला लागली, आणि वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी तिच्या कागदावर सरळ फुली मारली. तिला तिकीट खिडकीत बसवलं.

दीड वर्ष ती त्या खिडकीत बसून कुढली. पथ्यं झाली, चालणं झालं, काढे झाले. चार किलो उतरायचे, सहा चढायचे. शेवटी तिने पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा बँड बसवला, म्हणजे चार घास पोटात गेले की पोट भरायचं. बँडमध्ये मिठाचं पाणी, आणि कातडीखाली बसवलेल्या एका बटणात सुई घालून ते कमीजास्त करायची सोय.

शुद्धीवर आल्यावर तिने सर्जनबाईंना पहिला प्रश्न विचारला, "पाण्याखाली गेल्यावर हा फुटणार नाही ना हो?"

बाई हसल्या. "आत हवा नाही, पाणी आहे. पाण्याला पाण्याचा दाब काय करणार? मला भीती बँडची नाही, उलटीची आहे. जमिनीवर उलटी झाली तर तोंड धुतलं की संपलं. पाण्यात झाली तर जीवावर बेतेल."

मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. उतरायच्या आधी चार तास घट्ट काही खायचं नाही. सोडा तर मुळीच नाही, कारण पोटातला गॅस वर येताना फुगतो. डोकं खाली करून काम नाही. बँड घट्ट केला की दोन आठवडे हौदात उतरणं बंद. आणि घशाशी आंबट यायला लागलं तर आधी फोन, मग बाकीचं.

दहा महिन्यांत एकोणचाळीस किलो उतरलं. डायव्हिंगच्या डॉक्टरांनीही तपासून होकार दिला. चाचणीच्या दिवशी तिने सवयीने जुन्या हिशेबाचं शिसं कमरेला बांधलं आणि दगडासारखी तळाला गेली. अंगावरची चरबी तरंगते. ती गेल्यावर एवढं शिसं कशाला लागणार? पट्टाही पोटावरच्या बटणावर रुतत होता. हौदाचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी शिसं जवळपास निम्मं केलं आणि ते जॅकेटच्या खिशात विभागून टाकलं. "तू आता नवीन माणूस आहेस," ते म्हणाले. "सगळं पहिल्यापासून शिकायचं." त्यांनी तिला तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारं तोंडातलं यंत्र, असताना उलटी झाली तर काय करायचं तेही तीन वेळा करून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "पुरे की मास्तर, मला आताच मळमळायला लागलंय."

सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग वजन अडलं. तिने सर्जनबाईंकडून बँड थोडा घट्ट करून घेतला आणि दोन आठवडे इमानाने पाण्याबाहेर काढले. पण त्या दोन आठवड्यांतच आडवं झालं की घशाशी आंबट यायला लागलं. ती तीन उशा घेऊन झोपू लागली.

ती आणि तिची धाकटी बहीण एकाच घरात राहायच्या. धाकटीचा कान तिखट होता.

"ताई, परत खोकत होतीस," सकाळी भांडी पुसता पुसता ती म्हणाली.

"धूळ असेल."

"तीन उशांवर धूळ चढते होय? बाईंना फोन कर. नाहीतर मास्तरांना तरी सांग."

"सांगते."

"आज सांगशील?"

"सांगते म्हटलं ना! सारखं काय टुमणं लावलंयस!"

तिने सांगितलं नाही. फोन केला तर बाई बँड सैल करणार, सैल झाला की वजन चढणार, वजन चढलं की पुन्हा ती खिडकी. ही साखळी तिच्या डोक्यात इतकी पक्की बसली होती की दुसरा विचार शिरायला जागाच नव्हती.

त्या दिवशी दुसऱ्या डायव्हरचा कान ठणकत होता, त्यामुळे तो घरीच राहिला. सकाळी साडेअकराला तीन शाळांची मुलं यायची होती आणि खालची मोठी काच शेवाळाने हिरवी झाली होती. साडेआठला तिने उभ्या उभ्या अर्धं उकडलेलं अंडं तोंडात टाकलं. नीट चावलंही नाही. छातीच्या हाडामागे काहीतरी बसल्यासारखं वाटलं, तोंडात फेसाळ लाळ सुटली. बँड घातलेल्या माणसाला त्याचा अर्थ बरोबर कळतो. तिलाही कळला: घास बँडपाशी अडकलाय.

हौदाच्या कठड्यावर मास्तर सिलिंडर तपासत होते. "ठीक ना?"

"एकदम."

त्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "खाऊन किती वेळ झाला?"

"पहाटे खाल्लंय," ती म्हणाली आणि घड्याळाकडे न बघता पाण्यात उतरली. अकराला दहा मिनिटं कमी होती.

खाली पोचल्यावर तिला बरं वाटलं. पाणी शांत होतं. मास्तर पलीकडच्या टोकाला खडकामागची जाळी साफ करायला गेले. ती काचेपाशी आली. वरचा भाग झटपट झाला. खालची पट्टी मात्र खडकाच्या कपारीत होती, तिथे सरळ उभं राहून हात पोचेना. दोन मिनिटांचं तर काम, असं म्हणत तिने पाय वर केले, डोकं खाली घातलं आणि खरवडायला सुरुवात केली.

आधी घशात जळजळ आली. मग खोकला. रेग्युलेटरमध्ये खोकणं काही नवीन नव्हतं, म्हणून ती खरवडत राहिली. आणि मग पोटातून असा उमासा आला की हातातलं खरवडायचं पातं निसटलं.

तिने अंग सरळ केलं. एका हाताने खडक धरला, दुसऱ्याने रेग्युलेटर ओठांवर दाबून धरला. मास्तरांनी शिकवलं होतं तसं तो तोंडातून काढला नाही, त्यातूनच ओकली. समोर पांढरा ढग उठला, आणि लहान मासे त्यावर तुटून पडले. तिने रेग्युलेटरवरचं बटण दाबून हवेच्या झोताने तो साफ केला, श्वास घेतला. हवेऐवजी पाणी आणि अंड्याचे तुकडे आले. घसा आवळला गेला. श्वास ना आत जाईना, ना बाहेर.

वर पाहिलं तर सात मीटरवर उजेड होता. एक लाथ मारली की पोचणार. सतरा वर्षांचं शिक्षण एका बाजूला आणि तो उजेड एका बाजूला. छातीत श्वास कोंडून वर झेपावलं तर वाटेत फुप्फुसं फाटतात, हे ती नव्या पोरींना स्वतः शिकवायची. तिची बोटं खडकावरून सुटत होती. तिने ती परत घट्ट केली.

जॅकेटवरचा पिवळा जादा रेग्युलेटर हाताला लागेना. तो कपारीत घुसताना पाठीमागे गेला होता. पातं वाळूत पडलं होतं. तिने ते उचललं आणि मागे हात नेऊन सिलिंडरवर आपटलं. ठण. ठण. ठण. पाण्यात आवाज चहूकडून येतो. मास्तर आधी भलतीकडेच वळले. तिच्या डोळ्यांपुढे कडांनी काळं यायला लागलं. काचेपलीकडे लवकर पोचलेल्या एका शाळेची मुलं तिला हात हलवत होती.

मग मास्तरांचा हात तिच्या खांद्यावर पडला. त्यांनी तिच्या तोंडातला रेग्युलेटर काढला, आपला जादा तिच्या दातांत कोंबला आणि बटण दाबून धरलं. हवेच्या जोराने घसा एकदाचा सुटला. ती खोकली, पुन्हा खोकली, आणि एक ओला, खरखरीत श्वास आत गेला. ती लगेच वर निघाली तशी मास्तरांनी जॅकेट धरून खाली ओढलं. तळहात आडवा धरला: हळू. त्यांनी आपली नजर तिच्या नजरेवरून हलू दिली नाही. श्वास सोड. घे. सोड. सात मीटर चढायला त्यांनी पूर्ण मिनिट लावलं.

कठड्यावर ती बराच वेळ पालथी पडून खोकत होती. प्राणवायूचा मुखवटा लावता लावता मास्तरांनी विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"आजच."

त्यांनी मुखवट्याचा पट्टा तिच्या कानामागे नीट बसवला. तेवढ्याने तिचा बांध फुटला. "पंधरा दिवस झाले. आणि खाल्लं होतं साडेआठला."

मास्तरांनी गॉगल काढून बाजूला ठेवला. "मी तिकडे पाठ करून काम करत होतो," ते म्हणाले. "तू ठीक म्हणालीस म्हणून पाठ केली होती. नाहीतर केली नसती. एवढंच मला सांगायचंय."

त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

छातीत पाणी गेल्यामुळे तिला तीन दिवस इस्पितळात ठेवलं. औषध पाजून फोटो काढला. बँड जागचा सरकला नव्हता, पण जास्त घट्ट होता. सर्जनबाईंनी सुई घालून बँडमधलं पाणी काढलं आणि तिसऱ्या मिनिटाला ती पेलाभर पाणी एका दमात प्यायली. धाकटी खाटेच्या कडेला बसून होती. तिने 'मी सांगत होते' हे शब्द काढले नाहीत, पण तिचे डोळे सुजले होते.

चार महिने हौदात उतरणं बंद. पाच किलो वजन वाढलं. त्याने ती आतून खचली, आणि एकदा सर्जनबाईंसमोर रडलीही. "पाच किलोने तुला कोणी हौदातून काढलं नसतं," बाई म्हणाल्या. "लपवल्याने मात्र तू जगातूनच निघाली होतीस." डायव्हिंगच्या डॉक्टरांनी तिला नव्याने तपासलं. श्वासाची चाचणी झाली, पुन्हा फोटो झाला. मग त्यांनी होकार दिला, पण दर तीन महिन्यांनी दाखवायच्या अटीवर.

मास्तरांनी खालच्या पट्टीसाठी लांब दांड्याचा ब्रश बनवून घेतला, म्हणजे उभ्यानेच काम व्हावं. पिवळा रेग्युलेटर गळ्यापाशी रबराने बांधून टाकला. आणि ती उतरेल तेव्हा दुसऱ्याने तीन हातांच्या आत राहायचं, असा नियम सगळ्यांना सांगितला.

पहिल्या दिवशी ती कठड्यावर उभी राहिली. मास्तर शेजारी उभे होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही, नुसते थांबले.

"सकाळी सहाला वाटीभर पेज," ती म्हणाली. "त्यानंतर काही नाही. काल एकदा घशाशी आल्यासारखं वाटलं, पण थोडंच. बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या चालेल. आणि मला भीती वाटतेय."

"मलाही," मास्तर म्हणाले. "चल, आज दोनच मीटर."