ऑरिनने निवडलेलं झाड

मर्ना टॉल्बर्टचा नवरा धनुष्यं करायचा आणि त्याला लागणारं लाकूड मर्ना शोधून आणायची. अशी वाटणी कुणी ठरवून केली नव्हती. ऑरिनचे गुडघे पन्नाशीतच गेले, आणि धनुष्याला लागतात ती यूची झाडं काही रस्त्याच्या कडेला उभी नसतात. ती घळींत, उंच फरच्या झाडांच्या सावलीत, ओढ्याच्या अंगाला, पाय ठेवायला धड जागा नसते अशा ठिकाणी रेंगाळत वाढतात. मर्ना त्याच डोंगरातली. तरुणपणी तिने लाकूड कंपनीसाठी रोपं लावली होती. एकेक उतार तिच्या पायाखालचा होता. ऑरिन मात्र नेब्रास्काच्या सपाट मुलखातून आलेला. तिकडे चढ म्हणजे काय, तर घराची पायरी.

सव्वीस वर्षं हे चाललं होतं. उन्हाळ्यात मर्ना झाडं हेरून ठेवी, हिवाळ्याच्या तोंडाला वनखात्याकडून पाच झाडांचा परवाना काढी आणि भाऊ वेंडलला घेऊन तोडायला जाई. ओंडका जागेवरच पाचरी ठोकून उभा फाडायचा, फाकांच्या दोन्ही टोकांना लगेच डिंक फासायचा, नाहीतर त्या तडकतात. मग खांद्यावर टाकून पाऊण मैल वर चढायचं. आणि घरी शेडमध्ये ऑरिन भिंग घेऊन बसलेला असायचा.

त्या नोव्हेंबरात तिने सहा फाका आणल्या. ऑरिनने पहिलीच्या टोकावर टाचणी टेकवून वलयं मोजली.

"इंचाला बावीस."

"मग?"

"निदान तीस तरी हवीत. हे घाईत वाढलेलं झाड आहे."

"मग मी जाऊन सांगू का त्याला, जरा दमानं घे म्हणून?"

त्याने टाचणी पुढच्या फाकेवर टेकवली. दुसरीत गाठ निघाली, तिसरीचं सालीलगतचं पांढरं लाकूड जाड, चौथी नुसतीच आवडली नाही. सहांतल्या चार त्याने बाजूला सरकवल्या. "कुंपणाला वापर," म्हणाला.

मर्नाच्या खांद्यावर अजून वळ होते. तरी ती गप्प बसली असती. पण ऑरिन भिंग पुसत पुढे म्हणाला, "तू ना, पिकअप उभी राहते तिथून जवळ जे दिसेल ते तोडतेस."

तिने हातमोजे काढून त्याच्या टेबलावर आपटले.

"शनिवारी तू येणार. झाड तू शोधायचं. मी फक्त करवत धरणार."

"माझे गुडघे…"

"गुडघ्यांनाही घेऊन ये."

शनिवारी दोन काठ्या, एक थर्मास आणि वेंडल असा लवाजमा घेऊन ते घळीत उतरले. ऑरिनला खाली न्यायलाच दीड तास लागला. निसरड्या जागी वेंडल त्याचा पट्टा धरून मागे लटकायचा. पहिलं यूचं झाड ऑरिनने पाहिलं आणि मान हलवली: वाकडं. दुसऱ्याला फांद्या फार. तिसरं बारीक. चौदा झाडं त्याने अशी नापास केली. दोन तर मर्नाने स्वतः त्या वर्षासाठी हेरलेली होती.

"मुलगी बघायला आलाय की काय हा?" वेंडल पुटपुटला.

दुपारी दोनला ओढ्यापाशी ऑरिन थबकला. समोर फूटभर जाडीचं एक झाड होतं, सरळसोट, माणसाच्या दीडपट उंचीपर्यंत एकही फांदी नाही. त्याचा चेहरा खुलला.

"बघ. याला म्हणतात झाड."

मर्नाने खोडावरचं शेवाळ हाताने खरवडलं. खालची तांबडी साल डावीकडे वळत वर गेलेली होती. थोडीशीच, पण वळलेली.

"ऑरिन, याला पीळ आहे."

"ओल्या सालीवर तसं वाटतं."

"मला साली बघून चाळीस वर्षं झाली."

"आणि मला लाकूड तासून सव्वीस."

इथे तिने हट्ट धरायला हवा होता. पण सकाळपासून तिचं डोकं इतकं फिरलं होतं की ती म्हणाली, "ठीक आहे, तुझं तू बघ," आणि मोटरच्या करवतीची दोरी ओढली. झाड पडल्यावर तिने बुंध्यावरची वलयं मोजली. एकशे सत्त्याऐंशी. आपण एका माणसाला धडा शिकवण्यासाठी हे पाडलं, हे मनात आलं आणि तिला नवऱ्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

वेंडलने सहा फुटांचा ओंडका कापला आणि पाचर लावली. घणाच्या तिसऱ्या घावाला फट पडली, आणि सरळ जायचं सोडून फिरत फिरत गेली. दोन फाका वेगळ्या झाल्या तेव्हा एका टोकाला वर असलेली पांढरी बाजू दुसऱ्या टोकाला पार कुशीवर आली होती.

वेंडलने घण खाली ठेवला. "जिन्याचा कठडा मस्त होईल," तो म्हणाला.

ऑरिन बुंध्यावर बसला. बराच वेळ त्या फाकेवरून बोट फिरवत राहिला.

"बोल ना आता," मर्ना म्हणाली. "पिकअपच्या जवळ होतं का हे?"

"नाही."

"मग?"

"मी चुकलो, मर्ना."

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य तिने बोटांवर मोजता येईल इतक्यांदाच ऐकलं होतं. पण तिला समाधान वाटेना. तिने करवत उचलली आणि फाका मधोमध कापल्या. "तीन-तीन फुटांत पीळ निम्मा राहतो. मुठीपाशी जोड घाल. एवढं म्हातारं झाड कुंपणाला जाणार नाही."

चार वर्षं ते तुकडे शेडच्या माळ्यावर सुकले. त्यातून ऑरिनने एकच धनुष्य केलं, वाफेवर पीळ काढत, शिव्या घालत. जरासं डावीकडे ओढ घेतं, पण बाण नेमका जातो. ते त्याने मर्नाला दिलं. तिला नेमबाजीत काडीचा रस नव्हता. तिने ते स्वयंपाकघरात खुंटीला लावलं.

त्या शनिवारानंतर ऑरिन सुधारला असं मात्र कुणी समजू नये. आता आपल्यालाही जंगलातला अनुभव आहे, असं त्याच्या डोक्यात बसलं. दर वेळी तो बरोबर येऊ लागला. खाली उतरायचा नाही. पिकअपमध्ये बसून राहायचा आणि मर्ना घळीत दिसेनाशी झाली की हॉर्न वाजवायचा. एकदा वाजला तर आणखी डावीकडे, दोनदा वाजला तर आणखी खाली.

तिसऱ्या फेरीला मर्नाने निघण्याआधी हॉर्नचा फ्यूजच काढून खिशात टाकला.