तांदळातला कॅमेरा

काळेवाडीत मी भाजी विकते. कंपनीच्या कपड्यातला एक माणूस शिफ्ट सुटली की माझ्या हातगाडीजवळ उभा राहून फोनवर कॅमेऱ्याचंच बोलायचा. कुठली लेन्स घ्यावी हे कुणाला विचारायचा, कुणाला सांगायचा. मी मिरच्या निवडत ऐकायचे.

एकदा म्हणाला, "दमट हवेनं लेन्सला बुरशी धरते, भावा. माझ्यासारखा तांदळाच्या डब्यात ठेव कॅमेरा."

मला राहवलं नाही. "दादा, तांदळाला कीड लागू नये म्हणून बोरिक पावडर लावलेली असंल. ती काचेवर बसंल."

तो माझ्याकडे वळला. मग फोनवर म्हणाला, "थांब, मी चुकीचं सांगितलं. ताईंचं ऐक." फोन माझ्या हातात देऊन तो आपला कॅमेरा डब्यातून काढायला घाईने घराकडे निघाला.

एवढा जाणकार माणूस चूक कबूल करताना जरासुद्धा लाजला नाही. लाजले ती मीच, पण फोनवर बोलले.