खळ्यातलं विमान

नंदुरबारच्या स्टेशनावर आम्ही गाडीची वाट पाहत उभे होतो तेव्हा सगळेच शिंकत होते. मिरचीचे दिवस होते. रुळांपलीकडच्या मोकळ्या रानात मिरचीच्या लालभडक पथाऱ्या पसरलेल्या, आणि वारा नेमका आमच्या अंगावर. माय रडत होती, आत्या रडत होती, आणि आबा, म्हणजे माझे वडील, धोतराच्या सोग्याने डोळे पुसत मिरचीवाल्यांना शिव्या देत होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मिरचीचं होतं की माझं, ते त्यांनी कधी कबूल केलं नाही. गाडी हलली तेव्हा ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि माझ्याशी नाही, माझ्या नवऱ्याशी बोलले, "लढाई सरनी का या, जवाईबापू. वावर वाट देखी ऱ्हायनं." लढाई संपली की या, शेत वाट पाहतंय.

रनाळ्याच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखेच गाव सोडून भलत्या मुलखात भाकरी थापणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्हाला ठाऊक आहे, मी आबांची एकुलती एक. पाठीवर भाऊ नाही. शेजारच्या गावचा जावई केला तो याच हिशेबाने, की त्याच्या घरी शेती सांभाळायला थोरले भाऊ आहेत, हा आपल्याकडे येईल. पण यांचे हात यंत्राकडे ओढ घेणारे. लढाईच्या दिवसांत बंगलोरला विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात माणसं हवी होती, हे फिटर म्हणून लागले, आणि लग्नाच्या हळदीचा वास अंगावर असतानाच मी सुरत, मुंबई, पुणे करत त्या थंड हवेच्या गावी येऊन पडले.

पहिले महिने मी मुकी होते. रनाळ्यात आमचं बोलणं अहिराणी. शाळेत शिकलेली मराठीसुद्धा मी पुस्तकासारखी बोलायचे. इथे तीही उपयोगाची नाही. बेकु म्हणजे हवं आणि बेडा म्हणजे नको, एवढ्या दोन शब्दांवर मी संसार मांडला. क्वार्टरच्या शेजारणी भातावर दही ओतायच्या आणि माझ्या ठेच्याकडे पाहून तोंडावर हात ठेवायच्या. पण डोक्यावरून विमान गेलं की मी परात टाकून अंगणात धावायचे. रनाळ्यात आम्ही विमान पाहिलं होतं ते घारीपेक्षा लहान. इथे ती घरावरून जायची, पोटाखालची चाकं दिसायची, भांडी थरथरायची. एवढं मोठं लोखंड वर राहतं कसं? यांना विचारलं की हे समजावून सांगायचे, मला समजायचंही, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तशीच तोंड वासून उभी.

लढाई संपली. गोरे साहेब गाशा गुंडाळून निघाले. त्यातल्या एकाने जाताना यांच्या हातात एक इंजिन ठेवलं. खरं इंजिन, पण मुठीत मावेल एवढं. त्याला जोडायचं विमान आपणच करायचं, आणि त्याला दोन बारीक तारा बांधून मधे उभं राहून गोल उडवायचं, असा तो खेळ. खेळ म्हणायचं म्हणून म्हणते. वर्षभर आमच्या घरात दुसरं काही नव्हतं. लढाईतलं उरलेलं सामान लिलावात निघायचं, त्यातून पिसासारखं हलकं लाकूड मिळालं. हे रात्रपाळीहून येऊन पंखाच्या फासळ्या कोरायचे. त्यावर पतंगाचा कागद चढवायचं काम माझं, कारण यांच्या हाताने सुरकुत्या पडायच्या आणि माझा हात पापड लाटून लाटून तयार झालेला. कारखान्यातून आणलेलं रोगण त्या कागदावर फिरवलं की कागद आपोआप ताणून ढोलकीसारखा वाजायचा. मी तो बोटाने वाजवत बसायचे आणि खरं सांगते, स्वयंपाक करपायचा.

मैदानावर पहिल्यांदा उडवलं तेव्हा मूठ यांच्या हातात होती. त्या लाकडी मुठीला दोन तारा. मूठ मागे कलती केली की विमान वर, पुढे झुकवली की खाली. विमान फिरेल तसं आपणही फिरायचं, त्याच्याकडून तोंड वळवायचं नाही. हे फिरले आणि थोड्याच वेळात भोवळ येऊन गवतात आडवे झाले. विमानही गवतातच पडलं, पण मोडलं नाही. मी म्हटलं, द्या इकडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही पोरी फुगड्या खेळायचो त्या काय फुकट? माझे पाय ठरलेल्या जागी फिरत राहिले, डोकं जागेवर राहिलं. आणि त्या तारांतून काय आलं म्हणून सांगू! ओढ. जिवंत ओढ. दावणीला बांधलेलं वासरू गायीकडे जायला ओढतं तशी. मी कागद चिकटवलेली, मी वाजवलेली ती वस्तू आभाळाकडे जाऊ म्हणत होती आणि माझ्या मुठीत होती. मी मोठ्याने रडले. शेजारणींना वाटलं हात कापला.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या आखाजीला आम्ही रनाळ्याला आलो. आखाजी म्हणजे लेकींचा सण, तिला माहेरी नाही गेलं तर वर्ष गेल्यासारखं वाटत नाही. घरी पोचलो तर गोठ्यात नवी बैलजोडी बांधलेली. आबांनी झूल उचलून यांना दाखवली. "तुमनीच शे, जवाईबापू. लढाई सरनी. आते ऱ्हावा अठेच."

यांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. सासऱ्याला तोंडावर नाही म्हणणारा जावई आमच्याकडे अजून जन्माला यायचा होता. आणि मी? मलाही परत जायचं होतं. हे आज सरळ लिहिते, तेव्हा मायलासुद्धा सांगता आलं नाही. मला माय हवी होती, झोके हवे होते, खापरावरची पोळी हवी होती. आणि तरी बंगलोरचं ते मैदान सोडवत नव्हतं. ज्याने आमच्यासाठी बैल घेतले त्या बापाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पेटीत तेवढं विमान आणलं होतं. हे म्हणाले, आपण बोलण्यापेक्षा तेच त्यांना दाखवू.

जागा शोधावी लागली नाही. मळणी होऊन गेली होती, खळं सारवलेलं, टणक, गोल. मधली मेढ, जिच्याभोवती बैल फिरतात ती, आबांनी स्वतः उपटून बाजूला ठेवली. मायनं चुलीवर काढलेलं एरंडेल आम्ही धोतराच्या तुकड्यातून गाळून घेतलं. ते, रॉकेल आणि नंदुरबारच्या दवाखान्यातून मागून आणलेलं इथर, हे त्या इंजिनाचं खाणं. आबांनी बाटली हुंगून तोंड फिरवलं, "दवाखानाना वास येस." आखाजीचे झोके सोडून सगळ्या पोरी, म्हातारे, गुराखी बांधावर येऊन उभे राहिले. मेढीच्या जागी मी उभी राहिले. माहेरी डोक्यावर पदर लागत नाही, मी तो कमरेला खोचला.

यांनी पंख्याला बोटाने टिचकी मारली. काही नाही. पुन्हा, पुन्हा. कोणीतरी हसलं. मग एकदम इंजिन सुरू झालं आणि त्या आवाजाने कावळे झाडांवरून उठले, नवी बैलजोडी दावं तोडायला लागली, आणि एक म्हातारी "माय वं!" म्हणून खाली बसली. यांनी विमान सोडलं. ते खळ्याच्या कडेने धावलं, उचललं गेलं, आणि माणसांच्या डोक्याच्या उंचीवरून रनाळ्याच्या उन्हात फिरायला लागलं. लाल पंखांतून ऊन आरपार जात होतं. मी फिरत होते आणि माझ्यासमोरून चेहरे जात होते, सगळ्यांची तोंडं उघडी. एरवी अवघ्या गावाला दमात घेणारा पाटील हात जोडून उभा होता. कोणीच ओरडत नव्हतं. मळणीच्या जागेवर माझ्या गावाने अशी शांतता कधी ऐकली नसेल, इंजिन कोकलत असताना शांतता. तेवढ्यात माझी आत्या नाक वर करून म्हणाली, "वं बाई, हाई तं एरंडेल शे!" आणि मग सगळा बांध हसला. पोट साफ करायला जे पाजतात ते पिऊन हे पाखरू उडत होतं.

आबा तारांखालून वाकून माझ्यापाशी आले. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी त्याआधी फक्त पहाटेच्या कानबाई देवीच्या पूजेला पाहिलं होतं. म्हणाले, "दे मन्हा हातमा. कासरा तं मी जनमभर धरेल शे."

मी मूठ त्यांच्या हातात दिली, वर माझा हात ठेवला, आम्ही दोघं बरोबर फिरलो. बापलेक. त्यांच्या हाताला ती ओढ लागली आणि ते थबकल्यासारखे झाले. "ओढस वं," ते पुटपुटले, "भलतं ओढस." मग म्हणाले, "सोडी दे." मी हात काढून खाली बसले.

थोडा वेळ सगळं ठीक चाललं. मग वाऱ्याची झुळूक आली, विमान डगमगलं, त्यांच्याकडे झेपावल्यासारखं झालं. आणि आबांनी तेच केलं जे त्यांच्या बापाने, आजाने केलं असतं. बैल उधळले की करतात ते. "हो! हो!" म्हणत त्यांनी कासरा छातीशी ओढला.

मूठ मागे कलली. विमान थांबलं नाही, सरळ वर चढलं. डोक्यावर गेलं, तारा सैल पडल्या, आणि ते उलटं होऊन नाकावर खळ्यात आदळलं. पंख मोडल्याचा आवाज लहान होता, पापड मोडावा तेवढा. वर्षभराचं काम मातीत होतं.

हे धावत आले. यांचा राग मला माहीत होता. पण हे विमानापाशी थांबलेच नाहीत. आबांच्या खांद्याला धरून म्हणाले, "लागनं तं नही ना, आबा?"

आबा मूठ हातात धरून उभेच. "मी मांगे ओढं," ते म्हणाले. "बैल ऱ्हाता तं थांबी जाता." मग, जणू स्वतःलाच, "हाई वर गयं."

मी तुकडे ओच्यात गोळा केले. बांध रिकामा झाला, पोरी झोक्यांकडे परतल्या, त्यांची गाणी पुन्हा ऐकू यायला लागली. आबा संध्याकाळपर्यंत गोठ्यातच होते. माय मला चुलीपाशी म्हणाली, "आते जवाईबापूले वावरनी घाई नको करू. त्येसना मन खट्टू व्हई जाई." तिला वाटलं, विमान मोडलं म्हणजे आमचं जाणंही मोडलं. मलाही तसंच वाटलं. ज्याच्या जोरावर बोलायचं होतं ते ओच्यात पडलं होतं.

पंगत बसली. रस वाढला. आबांनी पहिला घास घेतला नाही. यांच्याकडे न बघता म्हणाले, "ती नवी जोडी मी मन्हा धाकला भाऊले दी टाकसू." मायचा वाढता हात थांबला. मग ते माझ्याकडे वळले. "तुन्हा हातमा व्हतं तवय नीट फिरे. मन्हा हातमा उनं नि पडनं. तूच धर, माय."

माझ्या बापाने मला माय म्हटलं. मी रसाची वाटी तिथेच ठेवून आत पळाले आणि कणगीच्या आडोशाला उभी राहून हुंदके दिले. आनंदाचे की दुःखाचे, ते वेगळं करता येत नव्हतं, आजही येत नाही.

आम्ही परत आलो. नवं विमान केलं, मग आणखी केली. हळूहळू बेकु आणि बेडाच्या मधले शब्दही आले, दहीभात गोड लागायला लागला, पोरं कन्नडमध्ये भांडायला लागली. आता कोणी घर कुठलं विचारलं की तोंडातून बंगलोर निघतं आणि रात्री स्वप्नात लोक अहिराणी बोलतात. बरीच वर्षं मला वाटायचं, माझी दोन घरं आहेत. मग वाटायला लागलं, एकही धड नाही. तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना हे नव्याने सांगायला नको.

आबांच्या माघारी मी रनाळ्याला गेले होते तेव्हा मायनं एक गोष्ट सांगितली. आबा आयुष्यभर ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून बसायचे. आम्ही परत गेलो त्या आखाजीपासून त्यांनी खाट फिरवली आणि दक्षिणेकडे तोंड करून बसायला लागले. जेवायलासुद्धा तसेच. आपल्यात कोणी तसं जेवतं का? भाऊबंद येऊन रागावले, ती यमाची दिशा, घरावर काय ओढवून घेता म्हणून. भटजीनेही समजावलं. आबा ऐकून घ्यायचे आणि खाट तशीच ठेवायचे. शेवटी माझ्या आत्यानेच दरडावून विचारलं, दक्षिणेला कोण आहे ते माहीत आहे ना?

"माहीत शे ना," आबा म्हणाले होते. "मन्ही पोर शे."