नानांनी खोक्यात टाकलेली कॅसेट

'समर्पण' हा शब्द कानावर पडला की माझं डोकं अजून फिरतं. शब्दाचा काही दोष नाही, हे मला कळतं. पण तो शब्द मी धुळ्यात, आमच्या चर्चच्या कंपाउंडमध्ये, मे महिन्याच्या उकाड्यात तीन दिवस लाउडस्पीकरवरून ऐकला, आणि तिसऱ्या संध्याकाळी माझ्या वडिलांनी माझी कॅसेट टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात टाकली. मी अठरा वर्षांची होते.

कॅसेट साधीसुधी नव्हती. माझी आत्या भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिच्या शेजारी एक रिटायर्ड गार्ड आणि त्यांची मुलं राहायची, घरात इंग्रजी बोलणारी. त्यांच्याकडे दोन कॅसेटचा डेक होता आणि कपाटभर रॉकची गाणी. लोकांना वाटतं रॉक म्हणजे नुसता धांगडधिंगा. ही गाणी तशी नव्हती. हळू सुरू व्हायची, गाणारा जवळजवळ बोलल्यासारखा गायचा, मग गिटार चढत जायची आणि शेवटी डोळे आपोआप मिटायचे. अर्धे शब्द मला कळत नव्हते. आत्याच्या मुलीलाही कळत नव्हते, पण ती तसं कबूल करायची नाही.

आम्ही दोघींनी सुट्टीत बसून नव्वद मिनिटांची कॅसेट भरली. एक रॉकचं, एक भक्तिगीत, पुन्हा रॉकचं, पुन्हा भक्तिगीत. भक्तिगीतं आमच्या गायनवृंदाची, तालमीच्या वेळी मीच टेप खिडकीत ठेवून भरलेली. मागे कुकरची शिट्टी, कोणाचं तरी खोकणं, सगळं त्यात आलं होतं. मला दोन्ही प्रकारची गाणी ऐकताना एकसारखंच व्हायचं, म्हणून मी ती शेजारीशेजारी ठेवली होती. याला पाप म्हणणाऱ्यांनी आधी ती कॅसेट ऐकायला हवी होती.

आणि दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी नानांचं गाणं होतं. नाना म्हणजे माझे वडील. सरकारी दवाखान्यात ड्रेसर, दिवसभर लोकांच्या जखमा धुवायचे. मूळचे पिंपळनेरकडचे, घरी अहिराणी बोलायचे आणि मी त्यांना शाळेच्या मराठीत उत्तर द्यायचे. त्यांनी स्वतः एक भजन रचलं होतं. शंभरातलं एक हरवलेलं मेंढरू शोधायला निघालेल्या मेंढपाळाचा येशूचा दाखला आमच्यात सगळ्यांना माहीत असतो. नानांच्या भजनात मेंढरू नव्हतं, बकरी होती.

नव्व्याण्णव बकऱ्या घर उन्यात, एक रानमा ऱ्हायनी,
बाप म्हने मी जेवू कसा, भूक मनी मरी गयी.

नव्व्याण्णव घरी आल्या, एक रानात राहिली, म्हणून बापाला जेवण जात नाही. हे ते ढोलकी घेऊन, डोळे मिटून म्हणायचे. कागदावर ते कधी उतरवलं नव्हतं. चर्चमध्ये ते कोणी म्हणायचं नाही, कारण तिथे छापील पुस्तकातली गाणी चालत. म्हणजे ते भजन जगात दोनच ठिकाणी होतं, नानांच्या तोंडात आणि माझ्या कॅसेटवर. तिथे ते का भरलं, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, आठवण राहावी म्हणून.

त्या वर्षी मंडपाच्या सभांना मोठ्या शहरातून एक उपदेशक आले. पांढरा सफारी, केसांना तेल, आणि माइक असा धरायचे की जणू तो त्यांच्याच हातावर उगवला होता. पहिल्या संध्याकाळी ते म्हणाले, इथल्या स्थानिक बांधवांपैकी कोणीतरी काहीतरी म्हणावं. 'स्थानिक' या शब्दावरच मला चीड आली होती. पण नाना उठले. साक्रीकडून ट्रकमधून आलेली माणसं मागे बसली होती, ती त्यांचं भजन ऐकून डोलायला लागली. दोन जण तर पहिली ओळ उचलून बरोबर म्हणायला लागले. मी नानांना इतकं खुलून गाताना पाहिलं नव्हतं.

संपल्यावर उपदेशकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माइकमध्येच म्हणाले, "भाऊ, भावना सुंदर आहे. पण शास्त्रात हरवतं ते मेंढरू. शेरडं न्यायाच्या दिवशी डाव्या हाताला उभी केली जातात, आणि डाव्या हाताचे कोणत्या अग्नीत जातात ते आपल्याला माहीत आहे."

मंडप हसला. पुढच्या खुर्च्यांवरचे धुळ्याचे लोक जास्त हसले. नानाही हसले आणि म्हणाले, "मेंढ्या मी कधी चाऱ्यात नहीत, साहेब. बकऱ्याच चाऱ्यात." त्यावर पुन्हा हशा. मी गायनवृंदात उभी होते, आणि तो माइक उपदेशकांच्या डोक्यात घालावा असं मला वाटत होतं. ज्या माणसानं लहानपणी डोंगरात बकऱ्या चारल्या, त्याचं दुसरं काय हरवणार? देवाला एवढं कळत नसेल तर त्याचं पुस्तक जाड कशाला?

तिसऱ्या संध्याकाळी खोकं आलं. उपदेशक म्हणाले, जे जे जगिक असेल ते आणा, समर्पण करा, उद्या सकाळी आपण ते अग्नीत टाकू. जगिक म्हणजे देवाचं नसलेलं. तरुण पोरं रांगेनं उठली. सिनेमाची मासिकं, लिपस्टिक, कोणाची पत्र्याची अंगठी, आणि कॅसेटा. कॅसेटा सगळ्यात जास्त. गिटारच्या गाण्यांत सैतान उलटा बोलतो, असं त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. ते गाणं उलटं कसं वाजवायचं हे मात्र सांगितलं नव्हतं.

मी जागची हलले नाही. माझी कॅसेट घरी उशाखाली होती, सुरक्षित. मग नाना रांगेत दिसले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कॅसेट काढली. दोन रंगांच्या शाईत गाण्यांची यादी लिहिलेला माझा कागद मला स्टेजवरूनही ओळखू आला. त्यांनी ती खोक्यात टाकली, म्हणजे टाकलीसुद्धा नाही, वाकून ठेवली. उपदेशक माइकमध्ये म्हणाले, "आमेन." आणि आम्ही गायला सुरुवात केली. मी पण गायले. याचा मला आजही राग आहे.

घरी आल्यावर मी विचारलं, "माझी कॅसेट का दिलीत?" नाना पायातल्या चपला काढत म्हणाले, "जाऊ दे वं पोरी." बस, एवढंच. मी म्हटलं, तुमचं स्वतःचं गाणं होतं तिच्यात, त्या माणसानं हसं केलं म्हणून तुम्ही स्वतःला जाळायला दिलंत, तुम्हाला काही लाज? आईनं मला एक धपाटा दिला. नाना चपला कोपऱ्यात सारून आत गेले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

जूनमध्ये मी जळगावला होस्टेलवर गेले. तिथे वेगळाच ताप. ख्रिश्चन म्हटलं की मुली म्हणायच्या, मग एखादं इंग्लिश गाणं म्हण ना. बापाची भाषा अहिराणी आहे असं सांगितलं तर त्यांना मी खोटं बोलते असं वाटायचं. धुळ्यात मला इंग्रजी गाणी ऐकते म्हणून बिघडलेली ठरवलं आणि जळगावात तीच गाणी माझ्या जातकुळीची ठरवली. दोन्हीकडच्यांना मी मनातल्या मनात शिव्या घालत होते, आणि सगळ्यात जास्त नानांना. घरून पत्र आलं की आईला उत्तर लिहायचे, खाली नानांना नमस्कारसुद्धा लिहीत नसे.

नाताळच्या सुट्टीत घरी आले तेव्हा आठवड्याची प्रार्थना आमच्याकडे होती. पाळीपाळीनं एकेका घरी जमायची पद्धत. संध्याकाळी पंधरावीस माणसं सतरंजीवर बसली. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सेक्रेटरींनी उपदेशकांच्या संदेशाची कॅसेट आणली होती. उपदेशकांच्या माणसांनी जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्यांना वाटल्या होत्या म्हणे. आमच्याच टेपवर लावली. पाऊण तासाला थोडा कमी असा तो संदेश, विषय पुन्हा समर्पण. मी दाराशी बसून दात खात ऐकत होते. शेवटी "आमेन" झालं, सगळ्यांनी "आमेन" म्हटलं, आई आणि मी चहा आणायला उठलो. टेप बंद करायला कोणी हात लावला नाही.

आणि टेपमधून गिटार सुरू झाली.

मी दारातच थांबले. ते माझं गाणं होतं, शेवटच्या मिनिटावर, गिटार अगदी वर चढलेली. जाळली नव्हती तर. आमच्या कॅसेटांवर त्या माणसानं स्वतःचं भाषण भरून गावोगाव वाटलं होतं. सेक्रेटरी गडबडून बटण शोधायला लागले. मी म्हटलं, "राहू द्या." इतक्या जोरात म्हटलं की त्यांनी हात मागे घेतला. सात महिने साठवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. चोर, लबाड, सैतान उलटा बोलतो काय, आणि तुम्ही सगळे माना डोलावणारे. आता ऐका, हे तुम्ही जाळायला दिलं होतं.

गिटार संपली आणि ढोलकी सुरू झाली. नव्व्याण्णव बकऱ्या घर उन्यात.  नाना भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी मान खाली घातली. गाणं पूर्ण वाजलं. एक म्हातारी डोळे पुसत होती.

आता जे सांगायचं ते मी इतका वेळ सांगितलं नाही, आणि 'राहू द्या' म्हणताना रागाच्या भरात मला ते आठवलंही नव्हतं. गाणं संपल्यावर नाना ढोलकी ठेवून ड्युटीवर गेले होते आणि टेप चालूच राहिला होता. दार लागल्याचा आवाज आला. मग आम्ही दोघी हसलो. त्या दिवशी आमच्याकडे आलेली माझी आत्येबहीण बकरीसारखी ओरडली. आणि माझा आवाज, अगदी स्पष्ट: "बाप म्हने मी जेवू कसा! अगं, ह्याला मागे गिटार लाव, भुसावळला ऐकवू, मरतील हसून." मग पुन्हा हसणं, दम लागेपर्यंत.

त्या गार्डच्या मुलांना ऐकवायला म्हणून मी ते भरलं होतं. आठवणीसाठी नाही. ते हसणं मी किती वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी मला पुन्हा हसू आलं होतं. नाना टेपला कधी हात लावत नाहीत, असं मी धरून चालले होते.

खोलीत कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. नानांनीच उठून टेप बंद केला आणि म्हणाले, "चहा घ्या, निवी जाई."

माणसं गेल्यावर ते मोरीत कप विसळत बसले. मी शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"ऐकेल व्हतं मी. त्या साहेबनी बकरीनं सांगं ना, त्या सांजले. म्हंतं, काय चुकनं आपलं, ऐकी तरी दखू."

"मग गाणं जाळायला का दिलंत?"

"गानं मनं तोंडमा शे, ते कसाले जळी? माले वाटनं, तुनं हासनं जळी जाई. उद्या तुले पोरंसोरं व्हतीन, तव्हय ते कानवर पडी, ते तुलेच वाईट वाटी."

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला, धुतला, पालथा घातला. मग कसंबसं म्हटलं, "नाना, एकदा म्हणा ना ते. आत्ता."

नानांनी हात सदऱ्याला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू हासशी नही ना?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. ते खरंच विचारत होते.