गुत्त्यापुढचे बैल

कापसाला सोन्याचा भाव आला आणि आमच्या वऱ्हाडात सगळ्यांत आधी वाढले ते दारूचे गुत्ते. ठेका सरकारच लिलावाने देते. माणूस बुडाला तरी खजिना भरतो. हे मी छापून आणून अमरावतीच्या बाजारात वाटले होते. माझ्या दादाने त्या पत्रकात तंबाखू बांधली.

दादा नांदगावहून कापसाची गाडी अकोल्याला, आगगाडीपर्यंत नेई. वहिनीने बजावले होते, या खेपेस पिऊन आलात तर पोरे घेऊन माहेरी जाईन, परत यायची नाही. ती बोलेल तसे करणारी. म्हणून मीही गाडीवर चढलो.

बडनेऱ्याला त्याची मंडळी भेटली. सगळे पिणे सोडलेले गाडीवान, पुढेमागे एका रांगेत गाड्या हाकणारे. माझे डोके तापले. कालपर्यंत एकाच भांड्यातून प्यालेले लोक एकमेकांना काय सावरणार?

मूर्तिजापूरच्या अलीकडे गुत्ता आला आणि दादाचे बैल आपोआप थांबले. पाहतो तो रांगेतले सगळेच थांबलेले! सोडल्याची शपथ माणसांनी घेतली होती, बैलांनी नाही.

गुत्तेवाला दारातून हसला, "या पाटील! तुमच्यापरीस बैलायले अक्कल हाये."

मोहाच्या दारूचा वास अंगावर आला. दादाने कासरा सैल सोडला. मी सुरू केले, "दादा, मद्यपानाने कुळाचा..."

"गप बस रे पत्रकवाल्या!" मागच्या गाडीवरचा म्हातारा उतरला आणि त्याने दादाच्या बैलांचा कासरा धरला. "तू खाली उतर, माये बैल ओढ. इथं आपले बैल आपन नाई न्याचे."

त्यांची ती रीतच होती. जो तो दुसऱ्याचे बैल ओढत पायी गुत्त्यापुढून गेला. हाती दुसऱ्याची जोडी असली की आत शिरता येत नव्हते.

परतताना बडनेऱ्याला वाटा फुटल्या. म्हातारा आपल्या वाटेने गेला. नांदगावच्या वाटेवर आम्ही दोघेच, आणि गावाबाहेर आणखी एक गुत्ता, जाताना पहाटे बंद होता तो. बैल थांबले. मी उतरून कासरा ओढला. मला ते ओळखतच नव्हते, जागचे हलेनात. दादा म्हणाला, "सोड. मी उतरतो." त्याने एक पाय खाली टाकला. तो कुठे जायला उतरतो आहे ते मला कळेना.

मागून घुंगरे वाजली. म्हातारा!

"काका, तुमी इकडं काहून?" दादाने विचारले.

"तुया तोंडाकडं पायलं होतं मी फाट्यावर. चाल, धर माये बैल. हे बी थांबून राह्यले न!"

दादाने त्याचे बैल धरले, म्हाताऱ्याने दादाचे. मी मधून चालत राहिलो. वहिनी अंगणातच उभी होती. तिने दादाचे तोंड हुंगले, आणि मग म्हाताऱ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"पुढच्या खेपेले बी याल न काका?" तिने विचारले.