एकदाच वाजलेला भोंगा

चाचणीत वाजलेला भोंगा दुसऱ्यांदाही वाजतो का, हे मी पाहिलं नाही. एकदा वाजला, टाळ्या पडल्या, मी पोहे खायला बसलो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पोलादपूरचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. महाडच्या एका कारखान्यात मीटरवरची धूळ पुसत असे आणि त्याला इन्स्ट्रुमेंटेशन म्हणत असे. सासऱ्यांचं महाडच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान. सावित्री चढू लागली की पेठेतले दुकानदार पुन्हापुन्हा पुलावर जाऊन पाणी बघून येत आणि वेळेत माल माळ्यावर चढवीत. त्या छत्र्यांच्या वरातीची मला कीव यायची.

"सारखं जाऊन विचारायचं, बाई, चढलीस का? याला पोलिंग म्हणतात," मी सासऱ्यांना सुनावलं. "अडाणी पद्धत. शहाणा प्रोसेसर आपलं काम करत बसतो. ज्याला गरज, त्याने येऊन त्याची बाही ओढायची. त्याचं नाव इंटरप्ट."

सासरे शिकलेल्या माणसाला मान देत. एवढा एकच दुर्गुण त्यांच्यात होता.

कॉलेजने टाकून दिलेलं एक किट माझ्याकडे होतं. एकाच हिरव्या पाटीवर अख्खा संगणक, थोडी बटणं, लाल आकडे. दुकानामागच्या गटारात नदीचं पाणी उलटं चढतं, तिथे मी एक तरंगता डबा सोडला. डबा उचलला गेला की त्याची तार प्रोसेसरची बाही ओढणार, प्रोसेसर बाहेरच्या जगाचा व्यवहार बघणाऱ्या चिपला सांगणार आणि ती भोंगा वाजवणार. वीज जाणार हे ठरलेलंच, म्हणून जोडीला ट्रकची बॅटरी. चाचणीला मी डबा हाताने उचलला. भोंगा असा बोंबलला की समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं कप घेऊन रस्त्यावर आली. सासूबाईंनी पाटीला हळदकुंकू वाहिलं. मी अडवलं नाही. थोडं मलाही लावलं असतं तर चाललं असतं.

शेजारचा वखारवाला तेवढा म्हणाला, "जावयबापू, मशीन झ्याक हाय. पन मी आपला पुलावर जाऊन येईन."

माझ्या नजरेत त्या क्षणी तो आणि त्याच्या वखारीतला ओंडका यांत फरक नव्हता.

सासऱ्यांनी मात्र पुलावर जाणं सोडलं. गणपतीसाठी भरलेल्या साड्या मागच्या खोलीत, खालच्या फळ्यांवर तशाच राहिल्या. आणि पाणी आलं. सासरे पुढे गादीवर निवांत पेपर वाचत होते, भोंगा आहे ना! शेवटी वखारवालाच ओरडत आला, "शेठ, मागं पानी शिरलाय! उठा!" तोवर खालच्या फळ्या बुडाल्या होत्या.

पाणी ओसरल्यावर मी कारखान्यातून पोचलो. पाटी भिंतीवर उंच, कोरडी, लाल आकडे दाखवत खुशाल. चूक लगेच सापडली. एका हाकेला ओ दिली की हा प्रोसेसर आपण होऊन कान मिटून घेतो. काम उरकून परतताना 'कान उघड' असा हुकूम त्याला द्यावा लागतो. तो मी लिहिलाच नव्हता. चाचणीपासून स्वारी बहिरी बसली होती, कपाळावर कुंकू मिरवत. भर पुरात डब्याने बाही ओढ ओढ ओढली असेल.

सासरे ओट्यावर एक साडी पिळत होते. गुलाबी पाणी पायरीवरून रस्त्यावर चाललं होतं. मी त्यांच्यासमोर उभा राहून, स्वतःचे कान बोटांनी मिटून आणि उघडून, सगळं साग्रसंगीत समजावलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कळलं," ते म्हणाले. "आता हे दुसरं टोक धरा. पिळायला तरी येतं ना तुम्हाला?"